पोळा झाला की युरोप: मदतनिधीसाठी मोटारसायकलवर निघताना

चांगल्या कामासाठी पैसे जमवायला युरोपात मोटारसायकल चालवायची म्हटलं, की पोरं मला पहिला प्रश्न विचारतात तो हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचा. कॅमेरा कोणताही घ्या. केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून मी तीनदा असा जाऊन आलो, देशातल्या देशात त्याहून जास्त वेळा. पहिल्या वेळी ज्या ठिकाणी तोंडावर आपटलो, त्याबद्दल कोणत्याच व्हिडिओत चकार शब्द नाही.

आधी सोपं उरकून टाकू.

निघायचं पोळ्यानंतर. डवरणी, खत आटोपलेलं असतं, बोंड फुटायला वेळ असतो. तिकडेही ऑगस्टच्या सुट्टीची गर्दी ओसरते आणि आल्प्सचे घाट अजून उघडे असतात. ऑक्टोबरवर ढकलू नका, बर्फ पडला की घाट बंद होतात.

गाडी इथून नेऊ नका. जहाज, कस्टम, कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा कस्टमचा कागद) या भानगडीत जो पैसा जातो, त्यात तुमचं अर्धं काम गावातच होईल. तिकडे भाड्यानं घ्या. डिपॉझिटसाठी बहुतेक ठिकाणी स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, आपलं किसान कार्ड तिथं कामाचं नाही. करारात कोणत्या देशांत गाडी न्यायची परवानगी आहे तेवढं नीट वाचा. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत नमुना ४-ए भरून मिळतो, मुदत एक वर्ष.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. फी मोठ्या माणसाला ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, आणि १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. जिथं सर्वात जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. एजंट शेतकऱ्याला पगाराची स्लिप मागून घाबरवतात. आपल्याकडे स्लिप नसते, सातबारा असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर, बाजार समितीतल्या कापूस-तुरीच्या विक्रीच्या पट्ट्या आणि बँकेचं स्टेटमेंट एकत्र लावा. हा माणूस परत येणार, एवढं त्यांना पटलं पाहिजे. उभ्या पिकाचा मालक परत येतोच.

आता पैशाचं.

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड होतं, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेच्या वर. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे पडलेले. शाळेत पाण्याचा फिल्टर बसवायचा ठरवलं आणि मी वर्गणी सरळ माझ्या खात्यात घेतली. सगळे ओळखीचे, कशाला हवी संस्थाबिंस्था? पासबुकात एका ओळीला शेजाऱ्याचे पाचशे जमा, खालच्या ओळीला व्हिसाची फी नावे, त्याखाली माझ्या तुरीचे पैसे जमा, त्याखाली विमानाचं तिकीट. परत आलो, फिल्टर बसला, पोरं पाणी प्यायला लागली. आणि पानठेल्यावर एकानं विचारलं, "काऊन भाऊ, वर्गणी गावाची अन् थंडी हवा तुले?"

मी पासबुक काढून दाखवलं. त्यानं चार पानं उलटली आणि परत दिलं. हिशोब पैशाला पैसा जुळत होता, पण तो फक्त मलाच जुळवता येत होता. दोन महिने मी त्या ठेल्याकडे फिरकलो नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट सोडत नाही. तिकीट, व्हिसा, गाडीचं भाडं, पेट्रोल, मुक्काम हे सगळं स्वतःच्या खिशातून, आणि ते वर्गणीचा पहिला रुपया मागायच्या आधी बाजूला काढलेलं. "थोडा प्रवासखर्च निधीतून घेतला तर काय बिघडलं?" असं सांगणारे शहाणे भेटतील. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई त्या मजुरीतले शंभर रुपये देते, तिच्या शंभरातलं पेट्रोल जाळायचं नाही. तेवढे पैसे नसतील तर वर्षभर थांबा. नाहीतर कन्याकुमारीला जा; राष्ट्रीय महामार्ग ४४ आमच्या पांढरकवड्यावरूनच जातो, त्याला व्हिसा लागत नाही.

वर्गणी आपल्या खात्यात घ्यायचीच नाही. स्वतःच्या नावानं लोकांकडून असा निधी गोळा करायचा तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवण्यापासून सुरुवात होते. त्यापेक्षा नोंदणी असलेली, ८०-जी (देणगीवर आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता) असलेली संस्था गाठा आणि तिचाच क्यूआर कोड फिरवा. पैसे देणाऱ्याच्या फोनवर संस्थेचं नाव दिसलं पाहिजे, तुमचं नाही. रोख देणाऱ्यांना पावती जागेवर, आणि ज्यांना आयकरात सूट हवी त्यांना आधीच सांगा की दोन हजारांच्या वर रोख दिली तर ८०-जी ची सूट मिळत नाही. मग एका कार्डशीटवर जाड मार्करनं दोन रकाने काढा. डावीकडे तुमचा खर्च आणि तो कुठून आला (माझ्या शीटवर लिहिलं होतं, "तूर, नऊ क्विंटल"), उजवीकडे संस्थेकडे जमा झालेली रक्कम. ती शीट ग्रामपंचायतीच्या फलकावर निघण्याच्या आठवडाभर आधी लावा. लोक वाचतात. आमच्याकडे एकानं माझ्या बेरजेतली चूकही काढली.

"किलोमीटरमागे एक रुपया" ही कल्पना कागदावर छान दिसते. माझ्याकडे चाळीस जणांचे वायदे होते, परतल्यावर पैसे आले अकरा जणांकडून. उरलेल्यांच्या ओसरीवर बसून "मी तीन हजार किलोमीटर चालवली" असं सांगताना जो घाम येतो, तो वैशाखातही येत नाही. अंदाजे अंतर सांगा आणि सगळी रक्कम निघायच्या आधी जमा होऊ द्या. चार किलोमीटर कमी झाले म्हणून कोणी परत मागायला येत नाही.

आणि ही मेख तर मला दुसऱ्या खेपेला कळली. ऑस्ट्रियात एका घाटावरच्या चहाकॉफीच्या टपरीपाशी एका म्हाताऱ्या मोटारसायकलवाल्यानं माझ्या पेटीवरचं शाळेचं स्टिकर पाहिलं, विचारपूस केली आणि पन्नास युरोची नोट हातात कोंबली. मी भारावून घेतली. इथं आल्यावर संस्थेच्या सीएनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. परदेशी नागरिकाकडून आलेला पैसा २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली येतो. त्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच तो घेता येतो, तोही दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातून. आमच्या संस्थेकडे ती नोंदणी नव्हती, तिनं नोटेला हात लावला नाही. आता कोणी देऊ लागलं की मी म्हणतो, कॉफी पाजा. तिकडे राहणारा मराठी माणूस भेटला आणि पासपोर्ट भारतीय असेल तर त्याला बँकेतून संस्थेला पाठवता येतं. नागरिकत्व बदललेलं असेल तर तोही या कायद्यात परकाच, मग घरी कितीही झुणका-भाकर खात असो.

निरोप आदल्या संध्याकाळी घ्या. गाडी जर्मनीत असली तरी गावाला झेंडा दाखवायचाच असतो. मी शेजाऱ्याची गाडी घेऊन पांढरकवड्यापर्यंत जातो, तिथून नागपूरची एसटी पकडतो.

तिकडचं थोडक्यात. जर्मनीत मोटारसायकलला महामार्गाचा टोल नाही. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांना विनियेट (ठरावीक मुदतीचा टोलपास) लागतं, स्वित्झर्लंडचं वर्षाचंच मिळतं, ४० फ्रँकला. फ्रान्समध्ये प्रमाणित हातमोजे सक्तीचे आहेत. जर्मनीत खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि थांबलेल्या गाड्यांच्या मधून वाट काढत पुढे घुसायचं नाही. थर्मल कपडे घ्या. आपल्या डिसेंबरच्या स्वेटरला घाटावरचा वारा जुमानत नाही.

पहिल्या दिवशी शंभर-दीडशे किलोमीटर पुरे. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची असते, म्हणून टाकीवर पांढरी चिकटपट्टी लावून मराठीत "उजवीकडून" लिहा. गर्दीत चूक होत नाही, बाकीच्यांच्या मागं आपण बरोबर जातो. चूक होते ती पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर परत येताना. माझी पट्टी तिसऱ्या दिवशीच्या पावसात निघून गेली आणि चौथ्या दिवशी सकाळी पंपावरून निघालो तो थेट डाव्या बाजूनं, समोर दुधाचा टँकर. आता दोन पट्ट्या लावतो, एक टाकीवर आणि एक स्पीडोमीटरच्या खाली.