बोट पाण्यात ढकलायच्या आधी: पंखा, शाफ्ट, सुकाणू आणि झिंक

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट वर शाकारलेली, म्हणजे पाण्याखालच्या धातूचं काम करायला वर्षात हीच काय ती वेळ, आणि तरी दरवर्षी जाळी, इंजिन आणि रंग यातच जुलै संपतो नि झिंक, म्हणजे बाकीचा धातू वाचवायला स्वतः झिजणारी जस्ताची वडी, शेवटच्या दिवशी कोणीतरी घाईत ठोकून जातो. म्हणून माझं म्हणणं, बोट वर आली त्या दिवसापासूनच सुरुवात करा.

खरवडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, एकेका झिंकचा जवळून. जुनं झिंक बरंच काही सांगतं. अर्ध्याच्या आसपास खाल्लेलं, खडबडीत झालेलं असेल तर त्याने काम केलंय, काढा आणि नवं बसवा. पण वर्षभर पाण्यात राहूनही नव्यासारखंच दिसत असेल तर पैसे वाचले असं समजू नका, ते धातूला नीट टेकलेलंच नाही आणि तेवढ्या काळात पंखा (प्रोपेलर) किंवा सुकाणू झिजलंय. आणि दोन-चार महिन्यांतच साफ गायब झालं असेल तर आधी वायरिंग बघा, बिल्ज पंपाची (बोटीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) सोललेली वायर किंवा ओला जॉइंट असला की बॅटरीचा करंट पाण्यात उतरतो आणि मग कितीही झिंक लावा, पुरणार नाही.

यामागचं कारण साधंच आहे, ब्राँझचा पंखा, तो फिरवणारा स्टीलचा शाफ्ट, लोखंडी सुकाणू हे सगळं एकमेकांना जोडलेलं आणि खाऱ्या पाण्यात, की त्यातला कमजोर धातू झिजायला लागतो. झिंक या सगळ्यांपेक्षा कमजोर, म्हणून आधी ते झिजतं. पण त्यासाठी धातूला धातू लागलेला हवा, आणि ९० टक्के लक्ष इथेच द्या असं मी सांगेन. झिंक जिथे बसणार ती जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, खाली रंग, गंज, ग्रीस काही नको. बोल्ट आवळा, हातोडीने हलके ठोके द्या, परत आवळा, दुसऱ्यांदा अर्धा-पाऊण आटा तरी फिरतोच. मग मल्टीमीटर ओहमवर ठेवून एक टोक झिंकला, एक पंख्याला लावा, आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. झिंक बॉडीवर असेल आणि आकडा मोठा येत असेल तर करंट गिअरबॉक्स-कपलिंगमधून शाफ्टपर्यंत पोचत नाहीये, शाफ्टवर वेगळं झिंक लावा नाहीतर फिरत्या शाफ्टला टेकून करंट पोचवणारा कार्बन ब्रश बसवा. आणि झिंकला रंग लावायचा नाही. रंगवाल्या पोराला हे आधीच सांगून ठेवा, कारण तो ब्रश फिरवताना थांबत नाही.

पंखा घासून झाला की पाती हातोडीने हलकी वाजवून बघा. चांगलं पातं खणखणतं, आतून जस्त निघून गेलेलं पातं बद्द वाजतं, आणि घासल्यावर गुलाबी डाग दिसतात. मँगनीज ब्राँझ म्हणून जे पंखे मिळतात त्यात जस्त भरपूर असतं, म्हणून हा त्रास. शाफ्टचा ग्लँडमधला भाग (शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथे पॅकिंग भरून पाणी अडवतात तो) बाहेर काढून बघा, स्टेनलेस असला तरी, कारण तिथे पाणी साचून राहतं आणि बारीक खड्डे तिथेच पडतात. पॅकिंग बदलणारच असाल तर ग्राफाइटवालं घेऊ नका.

लाकडी बोटवाल्यांनी झिंक लावायचं ते बेतानेच. जास्त झालं की बोल्टभोवती पांढरी भुकटी जमते आणि तिथलं लाकूड मऊ पडत जातं, तशी जागा दिसली तर झिंक कमी करा. लोखंडी बोटीला कालवं अडवणारा, तांबं मिसळलेला रंग थेट लावू नका, आधी इपॉक्सीचे नीट कोट द्या.

बोट खाडीत नांगरत असाल तर पावसात पाणी गोडं होतं हे लक्षात घ्या. गोड्या पाण्यात झिंकवर कडक थर चढतो आणि ते झोपतं, खाडीसाठी ॲल्युमिनियमचे ॲनोड (झिंकसारख्याच झिजणाऱ्या वड्या) जास्त चांगले. पण एकाच बोटीवर दोन्ही मिसळू नका.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका, झिंक लावलं म्हणजे पंख्याला कालवं लागणार नाहीत अशी. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने इंग्रजांच्या लढाऊ जहाजांच्या तळावरच्या तांब्याच्या पत्र्याला याच पद्धतीने वाचवलं, तांबं झिजायचं थांबलं आणि त्यावर शेवाळ-कालवं जोरात वाढली, कारण झिजणारं तांबंच त्यांना दूर ठेवत होतं. खरवडणं सुटत नाही.

वेल्डिंग उरलं असेल तर बोट वर असतानाच उरका. पाण्यात करायची वेळ आलीच तर अर्थची क्लिप त्याच बोटीवर, वेल्डिंगच्या जवळ लावा, धक्क्यावर किंवा शेजारच्या बोटीवर नाही.

बोट पाण्यात गेल्यावर आठवड्याभराने सिल्व्हर क्लोराइडचा सेल (तुलनेसाठी पाण्यात सोडायचं मोजमापाचं टोक) मिळाला तर पाण्यात सोडून त्याच्या तुलनेत बोटीच्या धातूचं व्होल्टेज मल्टीमीटरने मोजा, लोखंडाला उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे हवं. तो आकडा, तारीख आणि नव्या झिंकचं वजन इंजिनच्या वहीतच लिहून ठेवा, आणि दिवाळीच्या आसपास ओहोटीला बोट टेकेल तेव्हा वाकून एकदा झिंक बघून घ्या.