दहा वर्षांनी कुमसाराला येणाऱ्यासाठी

धर्मगुरूपुढे आपली पापं सांगून देवाची क्षमा मागण्याला आमच्या वसईत म्हातारी माणसं ‘कुमसार’ म्हणतात, कॉलेजातली पोरं ‘कन्फेशन’ म्हणतात आणि चर्चच्या पत्रकात ‘प्रायश्चित्त संस्कार’ असं छापून येतं. मी आजीच्या तोंडचा शब्दच वापरतो. पोर्तुगीज गेले, त्यांचा शब्द आमच्या बायकांनी घासून घासून आपला करून घेतला.

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, उलटला की माणसं मला गाठतात. चर्चच्या पायरीवर, फलाटावर, एकदा तर लग्नाच्या मांडवात, हातात जेवणाची प्लेट असताना. “फादर, दहा वर्षं झाली. काय म्हणायचं, कसं म्हणायचं, सगळं विसरलोय.” हे त्यांच्यासाठी लिहितोय. दर महिन्याला येणाऱ्यांनी वाचलं नाही तरी चालेल, पण त्यांनीच जास्त वाचायला हवं असं मला आतून वाटतं.

आधी एक खुलासा. खाली जी उदाहरणं येतील त्यातलं एकही पापं सांगणारा आणि फादर यांच्यामधल्या जाळीपलीकडून आलेलं नाही. कुमसारात कानावर आलेलं मी पोलिसांना सांगू शकत नाही, कोर्टात सांगू शकत नाही, बिशपांनाही सांगू शकत नाही. जाणूनबुजून फोडलं तर त्याच क्षणी मी चर्चमधून बहिष्कृत होतो. कुणी निवाडा द्यायला बसावं लागत नाही, आणि ती शिक्षा उठवायचा अधिकार रोमकडे आहे. तेव्हा इथे जे आहे ते एकतर माझ्या स्वतःच्या कुमसारातलं, नाहीतर लोक कुंपणावरून मोठमोठ्याने बोलतात त्यातलं.

तर पहिलं म्हणजे दिवस निवडा. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी येऊ नका. त्या दिवशी आजूबाजूच्या धर्मग्रामांतले आठ-दहा फादर येऊन बसतात, रांग पार क्रुसापर्यंत जाते, आणि दहा वर्षांचं गाठोडं दीड मिनिटात सोडायला लागतं. साधा शनिवार बघा, संध्याकाळच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, आधी तासभर. किंवा सकाळच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या, म्हणजे फादर झगा चढवतात त्या खोलीच्या, दारात येऊन “फादर, कुमसार करायचंय” एवढंच म्हणा. चहा राहिला तरी चालतो, कुठलाही फादर याला नाही म्हणणार नाही.

आपल्याच फादरांकडे जायची लाज वाटते? जाऊ नका. पापडीच्या माणसाने रिक्षा करून नंदाखालला जावं, नंदाखालच्याने रमेदीला. १२१५ साली चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी कुमसार कराच असा नियम घातला, तेव्हा ते स्वतःच्याच धर्मगुरूकडे करायची अट होती. आज ती अट नाही. मी स्वतः दर पंधरा दिवसांनी एका निवृत्त फादरांकडे जातो. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि मी बरोबर दुसऱ्या कानाच्या बाजूला बसतो. पहिली काही वर्षं उलट करत होतो, हेही सांगून टाकतो.

दुसरं, तयारी. पंधरा मिनिटं पुरेत, पण ती पंधरा मिनिटं खरी हवीत. मोबाईल बंद करून मागच्या बाकावर बसा. पवित्र आत्म्याला हाक मारा आणि दहा आज्ञा एकेक करून पुढे घ्या. आठवत नसतील तर प्रार्थनेच्या पुस्तकात आहेत. त्यांतल्या दोन-तीन आज्ञांपाशी आजकाल माणसं भराभर पुढे सरकतात, तिथे थोडं थांबू.

सातवी, चोरी करू नको. “फादर, मी कधी कुणाचा खिसा कापला नाही.” कबूल. पण बहिणीला लग्नात दागिने दिले म्हणून वाडीच्या हिश्शावर तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं, ते कसं? तिने सही केली तेव्हा तुम्ही पेन पुढे धरून उभे होता. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा आहे, आणि त्यात ख्रिस्ती बापाच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी असा फरक नाही. बहीण खुशीने सोडत असेल तर गोष्ट वेगळी. पण माहेर तुटेल या भीतीने सोडत असेल तर ती खुशी नव्हे. वसईत जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून ही आज्ञा सातबाऱ्यावर लिहिल्यासारखी झाली आहे. आणि घेतलेलं परत करायची तयारी नसेल तर फादरांपुढे गुडघे टेकून उपयोग नाही. ‘नमो मारिया’ ही प्रार्थना तीनदा म्हणून वाडी आपली होत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री दारात आलेलं पाकीटही इथेच येतं, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं दोघांचं.

आठवी, खोटी साक्ष देऊ नको. पूर्वी ही आज्ञा विहिरीवर मोडत, आता फोनवर मोडतात. कुठल्या तरी गावातला कसला तरी जुना व्हिडिओ, खाली भलतंच लिहिलेलं, आणि आपण ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ असं स्पष्ट दिसत असताना पुढे ढकलतो. कधी दुसऱ्या धर्माच्या माणसांबद्दल, कधी आपल्याच बिशपांबद्दल, कधी शेजारच्या पोरीबद्दल. “मी लिहिलं नव्हतं, फक्त पाठवलं.” तसं तर ज्याने दगड आणून दिला त्यानेही मारला नव्हता. मला विचाराल तर याचं प्रायश्चित्त एकच: ज्या ग्रुपवर टाकलं त्याच ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असं, “मी पाठवलेलं खोटं होतं, माफ करा” असं लिहायचं. रोझरीच्या जपमाळेतल्या पन्नास मण्यांपेक्षा हे जड जातं, करून बघा.

रविवार पवित्र पाळ, या तिसऱ्या आज्ञेवर मात्र माणसं उगाच स्वतःला छळतात. रविवारी रुग्णालयात ड्युटी होती, बोटीवर होतो, आजारी सासऱ्यांपाशी बसले होते, म्हणून मिस्सा चुकली. हे पाप नाही. क्रिकेटच्या मॅचसाठी चुकवली ते सांगा.

खून करू नको, या पाचव्या आज्ञेपाशी एक गोष्ट हळू आवाजात. गर्भपाताचं ओझं घेऊन कित्येक बायका, आणि कित्येक पुरुषही, आपल्याला आता क्षमाच नाही असं समजून वीस-वीस वर्षं मागच्या बाकावर बसून राहतात. पूर्वी यासाठी बिशपांकडून अधिकार घ्यावा लागे. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो अधिकार प्रत्येक धर्मगुरूला कायमचा दिला. कुठल्याही चर्चमध्ये, कुठल्याही फादरांकडे जा. एका वाक्यात सांगा. बाकी काही विचारलं जाऊ नये.

आठवून झालं की कागदावर टिपून घ्यायला हरकत नाही, पण तो कागद परत खिशात घाला. एकदा चर्च झाडणाऱ्या मावशी घडी घातलेली एक चिठ्ठी चिमटीत धरून माझ्याकडे आल्या, जणू इंगळच उचलून आणला होता. “बाकाखाली मिळाली फादर. मी वाचली नाही हां.” मीही उघडली नाही. धूपपात्रात निखारे फुललेले होते, तिथे टाकली. दोघंही ती पूर्ण काळी होईपर्यंत उभे राहिलो, आणि मग मावशींनी क्रुसाची खूण केली.

आता आत यायचं. गुडघे टेका, दुखत असतील तर खुर्ची आहे. क्रुसाची खूण करा आणि म्हणा: “फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. माझं शेवटचं कुमसार दहा वर्षांपूर्वी झालं.” नक्की आठवत नसेल तर “लग्नाच्या आधी” म्हणा, चालतं. मग पापं सांगा. महापापं असतील तर ती आधी, आणि कितीदा तेही, अंदाजाने. “मोबाईलवर घाणेरडं बघतो, आठवड्यातून दोन-तीनदा, तीन वर्षं.” संपलं. कुठली साइट, कुठल्या खोलीत, हे नको.

मराठी माणसाला गोष्ट सांगायची हौस आहे आणि ती जाळीपाशीही सुटत नाही. मी रागावलो, हे सांगायला तीन शब्द लागत नाहीत. पण का रागावलो, समोरचा काय म्हणाला, मागच्या गणपतीत काय झालं होतं, इथवर प्रकरण जातं. माझंच सांगतो. एकदा मी सुरुवात केली, “फादर, मी चिडलो, पण गायनमंडळातले ते एक गृहस्थ दर रविवारी...” पलीकडून माझे म्हातारे फादर म्हणाले, “त्यांना पाठवून दे. त्यांचं मी त्यांच्याकडून ऐकीन.” सुनेची पापं सुनेने सांगावीत, सासूची सासूने.

आणि शब्द कळत नसेल तर वापरू नका. आठव्या वर्षी पहिल्या कुमसाराला गेलो तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “मी चार वेळा व्यभिचार केला.” आत बराच वेळ शांतता. मग फादरांनी विचारलं, “म्हणजे काय केलंस बाळा?” मला वाटत होतं व्यभिचार म्हणजे वाईट विचार. आईने सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, डब्यात लपवून ठेवली होती, म्हणून मी तिच्याबद्दल चार वेळा वाईट विचार केला होता. जाळीपलीकडे काहीतरी खोकल्यासारखा आवाज झाला. आज माझी खात्री आहे की तो खोकला नव्हता.

सगळ्यांनाच असे फादर भेटत नाहीत. सेमिनरीत जायच्या आधी, एकोणिसाव्या वर्षी, एका फादरांनी मला जाळीतून असं झापलं की रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. मी नऊ महिने फिरकलो नाही. चूक त्यांची होती, नऊ महिने मात्र माझे गेले. तुमच्या वाट्याला असं आलं तर दुसऱ्या चर्चमध्ये जा, पण त्याच आठवड्यात जा. मी धर्मगुरू झाल्यावर एकच नियम केला: “इतकी वर्षं कुठे होतास?” हे विचारायचं नाही.

जाळी हवी की समोरासमोर, हे तुम्ही ठरवायचं. मी जुन्या वळणाचा माणूस, मला झगा, गळ्यातला जांभळा पट्टा म्हणजे स्टोल, आणि जाळी यांच्याशिवाय बसवत नाही. तरुण फादर मला हसतात. पण मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांनी १५७७ मध्ये चर्चबांधणीचे नियम लिहिले तेव्हा जाळीची मापं ठरवून दिली, ती शोभेसाठी नव्हती. अंतर राहावं, बाईमाणसाच्या अब्रूला धक्का लागू नये, म्हणून ती होती. आजही चर्चचा कायदा सांगतो की ज्याला जाळी हवी त्याला ती मिळालीच पाहिजे. जुलै २०१८ मध्ये, केरळमधल्या एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर कुमसाराचा गैरफायदा घेतल्याचे आरोप झाल्यावर, राष्ट्रीय महिला आयोगाने कुमसाराची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली होती. ती शिफारस मला पटली नाही. तिच्यामागचा संताप मात्र पूर्ण पटला. म्हणून बायकांना आणि मुलींना स्पष्ट सांगतो: जो धर्मगुरू जाळीतून फोन नंबर मागेल, बाहेर भेटायला बोलावेल, नको ते खोदून विचारेल, त्याच्यासमोरून उठून निघून जा. घरी सांगा, बिशपांना लिहा, गुन्हा असेल तर पोलीस ठाण्यात जा. गुप्ततेचं बंधन त्याच्यावर आहे, तुमच्यावर नाही.

फोनवरून कुमसार होत नाही. आखातातली आमची पोरं व्हिडिओ कॉलवर विचारतात, त्यांना मी जवळचं चर्च शोधून देतो. मार्च २०२० मध्ये दारं बंद झाली तेव्हाही रोमने हेच सांगितलं: देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करा, आणि मिळेल तेव्हा लवकर कुमसार करीन असा निश्चय करा, क्षमा तिथेही आहे. हल्ली एक भाचा म्हणतो की तो एआयपाशी मन मोकळं करतो, ते फार समजूतदार उत्तर देतं. देत असेल. पण “मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो” म्हणायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही, आणि मुख्य म्हणजे ते सगळं जपून ठेवतं. मी दार उघडून बाहेर येईपर्यंत निम्मं विसरलेला असतो.

पापं सांगून झाली की “ही आणि न आठवणारी सगळी पापं, मला पश्चात्ताप होतो” असं म्हणा. फादर दोन शब्द बोलतील, प्रायश्चित्त देतील. ते झेपण्यासारखं नसेल तर तिथेच सांगा, बदलून मिळतं. पश्चात्तापाची प्रार्थना येत नसेल तर “देवा, चुकलो, पुन्हा करणार नाही, मला हात दे” एवढं पुरे. मग फादर हात वर करून पापमुक्तीचे शब्द म्हणतात. आमच्या लहानपणी ते ‘एगो ते आब्सोल्वो’ असे लॅटिनमध्ये यायचे, अर्थ कळायचा नाही पण खांदे हलके झालेले कळायचे. तेव्हा बोलू नका. ऐका. ‘आमेन’ म्हणा.

बाहेर आलात की लगेच बाकावर बसून प्रायश्चित्त पुरं करा. पार्किंगमध्ये कुणी भेटलं की ते राहतंच.

आमच्याकडे मी शनिवारी पाचला बसतो, डाव्या बाजूच्या बॉक्समध्ये, संत गोन्सालो गार्सियांच्या पुतळ्याखाली. वरचा पंखा खडखडतो म्हणून थोडं मोठ्याने बोला. फार मोठ्याने नको; पुढच्या बाकावर तीन मावश्या रोझरी म्हणत बसतात, आणि त्यांच्यावर गुप्ततेचं काही बंधन नाही.