स्पेनचे उत्सव पाहायला जाताना: तारीख, तास आणि उभं राहायची जागा

स्पेनमधल्या उत्सवाला जाऊन निराश परतणाऱ्यांची चूक बहुतेकदा एकच असते. ते तारीख पाहून जातात, तास पाहत नाहीत. पाम्प्लोनाची बैलांची शर्यत सहसा तीन मिनिटांच्या आत आटोपते आणि व्हॅलेन्सियातल्या दुपारच्या फटाक्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत. तेवढ्यासाठी कुठे आणि किती वाजता उभं राहायचं, हे ठरवूनच हॉटेल निवडा.

पहिल्यांदाच जाणार असाल तर व्हॅलेन्सियाच्या फायासपासून सुरुवात करा. तारखा कधीच बदलत नाहीत आणि बरंचसं रस्त्यावर, फुकट पाहता येतं. वस्तीवस्तीची मंडळं वर्षभर खपून टोलेजंग देखावे उभारतात. राजकारण्यांची आणि नामवंतांची टिंगल करणाऱ्या त्यातल्या पुतळ्यांना ‘निनोत’ म्हणतात. १५ मार्चला देखावे उभे राहतात आणि १९ मार्चच्या रात्री जाळले जातात. लोकांच्या मतांवर निवडलेले निनोत, एक मोठ्या देखाव्यांतला आणि एक मुलांच्या, तेवढे वाचतात आणि संग्रहालयात जातात. २०१६ साली युनेस्कोनं या उत्सवाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

दोनच दिवस हातात असतील तर १८ आणि १९ मार्च धरा. १८ला सकाळी देखावे पायी पाहून घ्या, कारण संध्याकाळी गर्दीत पाऊल उचलत नाही. १ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला महापालिकेच्या चौकात ‘मास्कलेता’ होते. हे फटाके बघायचे नसतात, ऐकायचे असतात. ताल हळूहळू चढत जातो आणि शेवटी पायाखालची जमीन हादरते. चौकात जागा हवी तर एकच्या आत पोहोचा. चौकालगतची मेट्रो स्थानकं त्या वेळी बंद ठेवली जातात, म्हणून एक-दोन स्थानकं अलीकडे उतरून चालत जा. कानांवर दाब कमी यावा म्हणून तिथले लोक तोंड किंचित उघडं ठेवतात. लहान मुलांना मात्र कानाचे बोळे हवेतच. १७ आणि १८ला पारंपरिक वेशातल्या मिरवणुका मेरीमातेला फुलं वाहतात. त्या फुलांनी मढवलेली मेरीमातेची भव्य आकृती निवांत पाहायची तर १९ची सकाळ गाठा.

दहनाच्या रात्री, ‘क्रेमा’ला, बहुतेकजण मोठ्या चौकात अडकून पडतात. त्यापेक्षा मधल्या आकाराचा एखादा देखावा दुपारीच हेरून ठेवा. आधी मुलांचे छोटे देखावे पेटतात, मग मोठे आणि सगळ्यात शेवटी महापालिकेचा. नेमक्या वेळा त्या वर्षीच्या पत्रकात पाहा, पण अरुंद गल्लीत उशीर होणारच. अग्निशमन दल येऊन आजूबाजूच्या भिंती भिजवत नाही तोवर काडी लागत नाही. उभं राहताना वाऱ्याकडे पाठ करा, म्हणजे धूर तुमच्यापासून दूर जाईल. हे देखावे आता बरेचसे थर्माकोलसारख्या पदार्थाचे असतात, त्यामुळे धूर काळाकुट्ट आणि घशाला लागणारा असतो. हॉटेल रुसाफा भागात घेतलंत तर झोपेवर पाणी सोडा: रात्रभर फटाके, आणि सकाळी आठला मंडळाचा बँड पुन्हा फटाके लावत गल्लीतून जातो.

सेव्हिलचा पवित्र सप्ताह, म्हणजे ईस्टरआधीचा आठवडा, याच्या अगदी उलट आहे. तारीख ईस्टरबरोबर सरकते. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे १९ला व्हॅलेन्सियातलं दहन पाहून २१च्या झावळ्यांच्या रविवारी सेव्हिलमध्ये पहिल्या मिरवणुका गाठता येतात. असा योग क्वचित येतो. उंच टोकदार टोप्यांमधले ‘नाझारेनो’ पाहून पाहुणे दचकतात. तो प्रायश्चित्ताचा जुना पोशाख आहे, अमेरिकेतल्या वर्णद्वेषी कू क्लक्स क्लानशी त्याचा संबंध जोडू नका.

इथली सगळी गंमत वेळापत्रक वाचण्यात आहे. प्रत्येक बंधुसंघाच्या, म्हणजे चर्चशी जोडलेल्या धार्मिक मंडळाच्या, मिरवणुकीत पुढे क्रॉस असतो, मागे शेकडो-हजारो नाझारेनो आणि मग मूर्ती वाहून नेणारे चौथरे, ‘पासो’. मोठ्या संघाचा क्रॉस दिसल्यावर मूर्ती समोर यायला तासाहून जास्त लागू शकतो. म्हणून पत्रकात क्रॉसची नाही, पासोची वेळ शोधा. अधिकृत मार्गावरच्या खुर्च्या बहुतांशी आधीच गेलेल्या असतात, आणि त्यात फारसं हुकत नाही. अरुंद वळण किंवा चर्चचं दार यांच्या जवळची जागा त्याहून सरस. टनाहून जड पासो मानेवर घेतलेले ‘कोस्तालेरो’ आतून काही न दिसता, फक्त म्होरक्याच्या आवाजावर ते कोपऱ्यावर वळवतात, ते तिथे दिसतं. गुरुवार-शुक्रवारच्या मधल्या रात्री, ‘माद्रुगा’ला, माकारेना आणि त्रियाना या बंधुसंघांच्या मिरवणुका निघतात. गर्दी दाटली की प्रवाहाविरुद्ध जाऊ नका, आणि गल्लीत शिरण्याआधी बाहेर पडायचा रस्ता पाहून ठेवा. पाऊस आला तर मिरवणूक रद्द होते, कारण शतकांपूर्वीच्या लाकडी मूर्ती भिजवायची जोखीम कुणी घेत नाही. त्यामुळे एकाच रात्रीवर सगळी भिस्त ठेवू नका.

पाम्प्लोनाचा सान फेर्मीन ६ जुलैच्या दुपारी बाराला अग्निबाणानं सुरू होतो आणि १४च्या मध्यरात्री संपतो. पांढरे कपडे, लाल रुमाल; पण रुमाल गळ्यात बांधायचा तो बाण उडाल्यावरच. बैलांची धाव ७ ते १४ रोज सकाळी आठला, साधारण ८७५ मीटर. कुंपण दुहेरी असतं. आतल्या आणि बाहेरच्या कठड्यांमधली जागा वैद्यकीय पथकाची, प्रेक्षकांनी बाहेरच्या कठड्यावर बसायचं. सहाच्या आत पोहोचलात तरच जागा, आणि दिसणार काही सेकंदच. पैसे घालायचेच असतील तर एस्ताफेता रस्त्यावरची बाल्कनी भाड्यानं घ्या. नाहीतर बैलांच्या आखाड्याचं तिकीट काढा, तिथे धाव पडद्यावर दिसते आणि शेवट डोळ्यांसमोर. दोन बाणांमध्ये फार अंतर पडलं तर कळप फुटला आहे असं समजा: पहिला बाण दार उघडल्याचा, दुसरा सगळे बैल बाहेर पडल्याचा. कळपातून सुटलेला एकटा बैल माणसांवर वळण्याची भीती सर्वांत जास्त. धावू नका, हा आमचा सरळ सल्ला. सकाळी धावलेले बैल संध्याकाळी आखाड्यात मारले जातात, हे पचणार नसेल तर हा उत्सव तुमच्यासाठी नाही. राहायला सान सेबास्तियान बघा. ते साधारण ८० किलोमीटरवर आहे.

ला तोमातीना, टोमॅटोफेकीचा उत्सव, बुन्योल गावात, ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी. २०२७ मध्ये २५ तारखेला. २०१३पासून तिकीट लागतं, म्हणून व्हॅलेन्सियाहून बससकट तिकीट घेणं सोपं. टोमॅटोफेक जेमतेम तासभर चालते. टोमॅटो हातात चुरडून मगच फेका, आणि शेवटचा बाण उडाला की थांबा. पोहण्याचा चष्मा लावाच. आंबट रस डोळ्यांत गेला की पुसायला अंगावर कोरडं फडकं उरत नाही. चपला लगद्यात निघून जातात, नाडीचे जुने बूट घाला.

बार्सिलोनाचा शहर-उत्सव ‘मेर्से’ सप्टेंबरात, २४ तारखेच्या आसपास. मानवी मनोरे बघायला लागेल तेवढा वेळ द्या. ‘कोर्रेफोक’मध्ये सैतानांच्या वेशातले लोक ठिणग्या उडवत अंगावर येतात, तेव्हा जाड सुती कपडे, लांब बाह्या, डोक्याला टोपी. नायलॉन ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं.