डोमेनला कडी घातली का? मोहोर धरतानाच उरकायचं काम

देवगडात मार्च उजाडला की पेट्या भरायला हात पुरत नाहीत. वेबसाइटवर ऑर्डरी येऊ लागल्यावर डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या डॉट कॉम किंवा डॉट इन नावाच्या, सेटिंगमध्ये कोण डोकं घालणार? म्हणून ते नाव कुणी पळवू नये यासाठी कुलूप लावायचं काम डिसेंबर-जानेवारीत, मोहोराच्या दिवसांत उरकावं. अर्धा तास लागतो.

आधी एक बघा : डोमेन कुणाच्या नावावर आहे? सातबारा बघितल्याशिवाय आपण गडगा घालत नाही, पण डोमेन बहुतेक घरांत मुंबईच्या भाच्याने घेतलेलं असतं, त्याच्याच ईमेलवर. आमच्याकडे तसंच होतं. भाच्याने नोकरी सोडली, ऑफिसचा ईमेल बंद झाला आणि नूतनीकरणाच्या सूचना दोन महिने कुणालाच मिळाल्या नाहीत. तेव्हा रजिस्ट्रारच्या, म्हणजे जिथून डोमेन विकत घेतलं त्या कंपनीच्या, खात्यात जाऊन मालक म्हणून स्वतःचं नाव आणि ईमेल घाला. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन गेलं तर पोहऱ्याबरोबर दोरही विहिरीत जायचा. आणखी एक : डॉट कॉमच्या मालकाचं नाव बदललं की सहसा ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. रजिस्ट्रार बदलायचा विचार असेल तर हा हिशेब आधी करा.

मग कुलूप. खात्यात ‘डोमेन लॉक’ किंवा ‘ट्रान्सफर लॉक’ असं बटण असतं, ते चालू करा. बटणावर मात्र विश्वास ठेवू नका, बाहेरून तपासा. आयकॅन या डोमेन-नावांची जागतिक व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर आपलं डोमेन टाका (डॉट इन असेल तर ती नावं सांभाळणाऱ्या निक्सीच्या ‘हूइज’ या शोध-पानावर) आणि स्टेटसमध्ये ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ दिसतं का बघा. नुसतं ‘ओके’ दिसलं तर दार उघडं आहे.

या कडीचं काम काय? कुणी दुसऱ्या रजिस्ट्रारकडे तुमच्या डोमेनचं ट्रान्सफर मागितलं, तर कुलूप असताना रजिस्ट्री, म्हणजे डॉट कॉम किंवा डॉट इनची मुख्य नोंदवही सांभाळणारी संस्था, ते सरळ नाकारते. कुलूप नसेल आणि त्याच्या हाती ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसरीकडे नेताना लागणारा गुप्त कोड, असेल, तर डॉट कॉमच्या बाबतीत तुमच्या रजिस्ट्रारला हरकत घ्यायला ५ दिवस मिळतात. तो गप्प बसला तर मौन म्हणजे संमती, डोमेन गेलं. मोठमोठेही यातून सुटले नाहीत. न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या जुन्या इंटरनेट कंपनीचं डोमेन जानेवारी २००५ मध्ये शनिवार-रविवार गाठून ऑस्ट्रेलियातल्या रजिस्ट्रारकडे पळवलं गेलं, आणि तेवढे दिवस तिच्या ग्राहकांची मेल भलतीकडे जात होती.

ऑथ कोड वेबसाइट करणाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवायची सवय सोडा. साइट बनवायला त्याला तो लागतच नाही. आधीच पाठवला असेल तर खात्यातून नवीन तयार करून घ्या.

आता खात्याचं दार. तुमच्या खात्यात शिरलेला माणूस कडीही तुमच्यासारखीच काढतो, म्हणून रजिस्ट्रारच्या खात्याला आणि त्या ईमेललाही दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. एसएमएसच्या ओटीपीवर विसंबू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस फोन लागत नव्हते, ते आठवा. ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड रेंज नसतानाही तयार होतो. सोबत मिळणारे रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हरवला तर लॉगिनला चालणारे कोड, कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये ठेवा. आपल्या पावसाळ्यात उघडा कागद टिकत नाही.

मुदत संपली तर कुलूप काही कामाचं नाही. ऑटो-रिन्यू चालू ठेवा, जोडलेल्या कार्डाची तारीख बघा. फोनवरून खात्री केल्याशिवाय न उघडणारं ‘रजिस्ट्री लॉक’ही मिळतं, पण ते बँकांसाठी ठीक; मालवणातल्या दोन खोल्यांच्या होमस्टेला तो खर्च परवडायचा नाही.

शेवटी लुकअपच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट आणि डोमेनची पावती एकत्र ठेवा. उद्या डोमेन गेलंच, तर रजिस्ट्रारला त्याच दिवशी लेखी कळवताना आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करताना पहिल्यांदा हेच दोन कागद मागतील.