नदीच्या जुन्या पायरीवरची चिकण जमीन: या चुका टाळा

नदी आपलं पात्र खोल कापत गेली की तिचं जुनं पूरमैदान वर, कोरडं राहतं. पुढे पुन्हा खोल कापलं की दुसरी पायरी तयार होते. नदीकडे तोंड करून उभं राहिलं तर जितकी उंच पायरी, तितकी ती सहसा जुनी, आणि जितकी जुनी तितकी तिची माती आजच्या काठावरच्या गाळापेक्षा वेगळी. हजारो वर्षांच्या पावसानं वरच्या थरातले चिकणाचे बारीक कण पाण्याबरोबर खाली नेऊन साठवलेले असतात. त्यामुळे वर 20 टक्के चिकण असलेली मऊ पोयटा माती आणि हातभर खाली 45 टक्के चिकणाचा घट्ट थर असं चित्र सर्रास दिसतं. काही ठिकाणी, विशेषतः जुन्या पुराचं पाणी जिथे संथ साचत असे तिथे, वरपासूनच भारी चिकण सापडते.

या जमिनीत बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टींचं मूळ एकच आहे: निर्णय वरच्या वीतभर मातीकडे पाहून घेतले जातात आणि पाणी मात्र खालच्या थराचं ऐकतं.

“नदीकाठची आहे, म्हणजे गाळाची सुपीक जमीन”

ताज्या पूरमैदानाला दर पुरात नवा गाळ मिळतो. जुन्या पायरीवर पूर पोचत नाही, मग नवं खनिजही येत नाही. पावसाच्या प्रदेशात अशी माती धुऊन आम्ल झालेली असू शकते. कोरड्या प्रदेशात उलट, खाली चुन्याच्या गाठी आणि वाढलेला सामू (pH). दोन्ही पायऱ्या दिसायला सारख्या सपाट. म्हणून शेजारच्या नदीकाठच्या शेतात चालणारी खताची मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या इथे उचलून आणू नका.

दुसरा गैरसमज पाण्याच्या पातळीचा. पावसाळ्यात फूटभर खणल्यावर पाणी लागलं की भूजल वर आलंय असं वाटतं. पायरीवर बऱ्याचदा ते भूजल नसतं. चिकण थरावर अडकलेलं पावसाचं पाणी असतं. ओळखायची रीत सोपी आहे. एक गिरमिटाचं भोक घट्ट थरापर्यंतच न्या, दुसरं त्याच्याजवळच थर भेदून खालच्या वाळू-गोट्यांपर्यंत न्या, आणि त्यात वरचं पाणी ओघळू नये म्हणून पाइप बसवून बाहेरची फट चिकणानं बंद करा. पहिल्यात पाणी आणि दुसरं कोरडं, म्हणजे पाणी अडकलेलं आहे. अशा वेळी खोल निचऱ्यावर खर्च करून उपयोग नसतो. पाणी थराच्या डोक्यावरूनच बाहेर काढायला हवं.

एकच नमुना, तोही 15 सेंमीचा

सुपीकतेच्या तपासणीला वरचा थर पुरतो, पण ही जमीन समजून घ्यायला किमान एक मीटर खोल पाहावं लागतं. पायरी सपाट दिसली तरी तिच्यावर जुन्या प्रवाहांच्या खुणा असतात: थोडे उंच लांबट वरंबे, मध्ये उथळ खोलगट पट्टे. वरंब्यावर माती हलकी, खोलगटात चिकण जास्त. दोन्हीकडची माती एका घमेल्यात मिसळून पाठवली तर अहवाल अशा जमिनीचा येतो जी शेतात कुठेच नाही. नमुने वेगळे ठेवा: वरंब्याचा, खोलगटाचा, आणि दोन्हींचे 0–15, 15–30, 30–60 सेंमी असे.

गिरमिटानं काढलेल्या मातीत काय पाहायचं? भिजवलेली माती अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत पट्टी काढा. 2.5 सेंमीच्या आत तुटली तर पोयटा, 5 सेंमीच्या आत तुटली तर चिकण पोयटा, त्याहून लांब टिकली तर चिकण. काचेच्या बरणीतली चाचणी लोकप्रिय आहे, पण चिकणाचे कण एकमेकांना चिकटून गाळाबरोबर खाली बसतात आणि चिकण कमी दिसते. त्यासाठी आधी विखुरक (चिकटलेले कण सुटे करणारा पदार्थ) मिसळून रात्रभर भिजवावं आणि मग जोरात हलवावं. तरीही ही चाचणी अंदाजाचीच.

राखाडी आणि गंजासारखे ठिपके दिसले की लगेच “चिबड जमीन”, म्हणजे पाणी साचून राहणारी, असा शिक्का मारू नका. ही माती कधीकाळी खरंच पूरमैदानात होती, तेव्हाचे ठिपकेही तिच्यात उरलेले असतात. ठिपक्याची कड पुसट, आजूबाजूच्या मातीत विरत जाणारी असेल आणि मुळांच्या वाटांभोवती गंज असेल, तर आजही पाणी साचतं. कड धारदार आणि लोह-मँगनीजच्या गाठी गोटीसारख्या सुट्या निघत असतील, तर तो बहुधा जुना इतिहास.

झिरपण्याची चाचणी चुकीच्या ऋतूत

ही चूक सगळ्यात महाग पडते. उन्हाळ्यात फुगणाऱ्या चिकण मातीला भेगा पडतात. तेव्हा 30 सेंमीचा खड्डा खणून पाणी ओतलं की ते बघता बघता नाहीसं होतं आणि “निचरा उत्तम” असा निष्कर्ष निघतो. पाणी भेगांत गेलेलं असतं. पावसात चिकण फुगते, भेगा मिटतात आणि खालचा थर तासाला जेमतेम 1–2 मिमी पाणी सोडतो.

खड्डा आधल्या दिवशी भरून रात्रभर भिजू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि मगच पातळी किती उतरते ते मोजा. भेगाळ मातीत एक रात्र पुरत नाही, दोन-तीन दिवस भिजवावं लागतं. तासाला 1 सेंमीहून कमी उतरत असेल तर निचरा वाईट समजा. चाचणी दोन खोलींवर करा: वरच्या थरात एक, घट्ट थरात तळ टेकवून एक. दोन आकड्यांतली तफावत हीच या जमिनीची खरी ओळख.

तफावतीचा हिशेब असा. वरच्या 30 सेंमी थरात वाफशापेक्षा (मशागतीजोग्या ओलाव्यापेक्षा) जास्तीचं पाणी मावायला साधारण 8 टक्के जागा धरली तर 24 मिमी पाणी मावतं. खालचा थर तासाला 1 मिमी सोडत असेल तर हे पाणी उतरायला पूर्ण एक दिवस. तेवढ्यात दुसरी सर आली की मुळं पुन्हा पाण्यात. पीक पिवळं पडतं, लोक युरिया टाकतात. मुळांना हवा नाही आणि साचलेल्या पाण्यात नायट्रेटचं वायूत रूपांतर होऊन नत्र उडून जातं, त्यामुळे तो युरियाही बऱ्याच अंशी वाया.

वाफसा वरून पाहणं

पृष्ठभाग पांढरा पडला की नांगर घालायचा, ही सवय पोयट्यात खपते. इथे 5 सेंमीखाली माती अजून लोण्यासारखी असते. अशा ओलीत फाळ माती फोडत नाही, सारवतो. चाकं तिला दाबतात. आणि वाळल्यावर विटेसारखी ढेकळं निघतात. मग ती फोडायला रोटाव्हेटरच्या दोन-तीन फेऱ्या, त्यातून भुकटी, आणि पहिल्या पावसात भुकटीचा पापुद्रा. एका दिवसाच्या घाईची ही पूर्ण साखळी आहे.

ज्या खोलीवर अवजार चालणार, त्या खोलीची माती घ्या आणि तळहातावर वळी वळा. 3 मिमी जाडीला येताच वळी तुकडे होऊन मोडली किंवा त्याआधीच तुटली तर कामाला हरकत नाही. 3 मिमीहून बारीक होऊनही ती अखंड राहिली तर थांबा. अगदी कोरडी पडेपर्यंतही थांबू नका. तेव्हा ढेकूळच निघतं आणि इंधन जास्त जळतं. या जमिनीत योग्य वाफशाचे दिवस थोडे असतात, तेव्हा मशागतीची तयारी आधीच करून ठेवावी. भरलेली ट्रॉली ओल्या शेतात फिरवायचीच झाली तर ठरावीक चाकोरीतूनच. दबाव बहुतांशी पहिल्याच फेरीत बसतो, त्यामुळे दरवेळी नवी वाट काढणं म्हणजे सगळं शेत दाबणं.

वाळू मिसळणं आणि जिप्समचा भरवसा

चिकणात वाळू घातली की माती भुसभुशीत होईल, हे ऐकायला पटतं. हिशेब करून बघा: 50 टक्के चिकण 20 टक्क्यांवर आणायची तर मातीच्या वजनाच्या दीडपट वाळू लागते. 20 सेंमी खोलीसाठी 100 चौरस मीटरला साधारण 25 ते 30 घनमीटर. याहून फारच कमी घातली तर वाळूच्या कणांमधल्या फटी चिकणानं भरतात आणि माती आधीपेक्षा कठीण होते. तेवढ्याच कष्टात 3 ते 5 सेंमी जाडीचं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट वरच्या 15 सेंमीत मिसळलं तर चिकणाच्या कणांची कणी बांधली जाते. ते दरवर्षी द्यावं लागतं, एकदा देऊन भागत नाही.

जिप्सम सोडियमवर काम करतं, चिकणावर नाही. गरज आहे का ते घरीच कळतं. वाळलेल्या मातीचं 3–5 मिमीचं कणीदार ढेकूळ पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका, 10 मिनिटांनी आणि 2 तासांनी पाहा. ढेकूळ नुसतं ढासळलं आणि पाणी स्वच्छ राहिलं, तर सेंद्रिय पदार्थ कमी आहेत, जिप्समनं फारसा फरक पडणार नाही. ढेकळाभोवती दुधी ढग पसरला, तर चोपणपणाचा, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या मातीचा, संशय घ्या आणि प्रयोगशाळेतून विनिमयी सोडियमचं (मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमचं) प्रमाण काढून घ्या. 15 टक्क्यांहून जास्त असेल तर जमीन चोपण. विहिरीच्या खारट पाण्यात ही चाचणी केली तर ढग दिसतच नाही आणि फसगत होते. खालच्या थराचं ढेकूळही जरूर तपासा, कारण सोडियम बऱ्याचदा तिथेच साठलेला असतो.

मात्रेचा अंदाज: 15 सेंमी थरातून 100 ग्रॅम मातीमागे 1 मिलिसममूल्य (meq, अहवालातलं एकक) सोडियम हटवायला हेक्टरी सुमारे 1.7 टन शुद्ध जिप्सम. हटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेला तरच उपयोग. आधी निचरा, मग जिप्सम.

आम्ल मातीतल्या चुन्याचंही असंच. चिकणात सामू हलायला हलक्या मातीपेक्षा कितीतरी जास्त चुना लागतो, म्हणून नुसता सामू पाहून मात्रा ठरवू नका. प्रयोगशाळेकडून चुन्याची गरज काढून घ्या.

प्रत्येक घट्ट थर फोडायला निघणं

नांगराच्या दाबानं झालेला थर 15–25 सेंमीवर, काही सेंमी जाड असतो. वर आणि खाली माती मोकळी. नैसर्गिक चिकण थर त्याखाली सुरू होतो आणि अर्धा मीटर किंवा त्याहूनही जाड असतो, ढेकळाच्या अंगावर मेणासारखी चकाकी दिसते. पहिला फोडता येतो. सबसॉयलरचं (खोलवरचा थर फोडणाऱ्या अवजाराचं) टोक थराच्या 3–5 सेंमी खाली ठेवा, दोन फाळांतलं अंतर खोलीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको, आणि त्या खोलीवरची माती कोरडी असू द्या. ओल्यात फाळ फक्त चीर पाडतो.

दुसऱ्यावर तोच फाळ चालवला तर चिरांत पाणी उतरतं, बाहेर जायला वाट नसते, आणि एक-दोन पावसाळ्यांत फुगलेली चिकण सगळं बंद करते. तिथे खोल मुळांची पिकं आणि जमिनीवरचा आकार, म्हणजे रुंद वरंबे-सऱ्या, जास्त काम करतात.

सपाटीकरणात वरची माती गमावणं

खोलगट भरायला उंचवटा कापतात, आणि 30 सेंमीच्या कापातच घट्ट चिकण उघडी पडते. त्या पट्ट्यात पुढची कित्येक वर्षं उगवण धड होत नाही. वरचा 20–30 सेंमी थर आधी खरवडून बाजूला ढीग करा, खालची माती सपाट करा, मग वरची परत पसरा. खर्च वाढतो, हे खरं. तो परवडत नसेल तर पूर्ण सपाटीचा हट्ट सोडून खोलगटालाच पाणी काढणारा उथळ चर बनवा; जुन्या प्रवाहानं उतार बऱ्याचदा आधीच आखून दिलेला असतो.

चर चुकीच्या जागी

शेतात मधोमध पाणी साचतं म्हणून चर मधोमध काढतात. पायरीच्या मागच्या बाजूला, वरच्या टेकाडाच्या पायथ्याशी, जिथून पाझर शिरतो तिकडे कोणी पाहत नाही. तिथे उताराला आडवा एक अडवणारा चर, घट्ट थरात थोडा घुसेल इतका खोल, आतल्या चार चरांपेक्षा जास्त पाणी वळवतो. ते पाणी पायरीच्या कडेवरून तसंच सोडू नका. कड खचते, घळ मागे सरकत शेतात येते. पाइपनं किंवा दगडी पायऱ्यांच्या नाल्यातून खालच्या पातळीपर्यंत न्या.

मोल नांगरानं (जमिनीखाली पाणी वाहून नेणारा बोगदा पाडणाऱ्या नांगरानं) निचरा करायचा असेल तर 45–60 सेंमी खोलीवर सलग चिकण हवी. मध्ये वाळूचा पट्टा आला की बोगदा तिथेच ढासळतो, म्हणून ओळीत दर 10–15 मीटरला गिरमिट टाकून पाहा.

ठिबक आणि झाडांचे खड्डे

माती तासाला 2 मिमी पाणी घेत असेल तर ताशी 4 लिटरच्या ड्रिपरला 2 चौरस मीटर जागा लागते. म्हणजे प्रत्येक ड्रिपरखाली दीड मीटरहून रुंद डबकं. 1 किंवा 2 लिटरचे ड्रिपर घ्या आणि अर्धा तास चालू, तास-दीड तास बंद, असं पाणी द्या.

चिकणात खोल खड्डा खणून त्यात खत-माती भरली की तो हौद होतो: भोवतीच्या थरातून पाणी बाहेर पडत नाही, मुळंही आतच फिरतात. रुंद, उथळ खड्डा घ्या, फावड्यानं गुळगुळीत झालेल्या भिंती ओरखडून काढा, तीच माती परत भरा, कंपोस्ट वर पसरा आणि झाड 20–30 सेंमी उंच गादीवर लावा.

शेततळं गोट्यांपर्यंत खणणं

वर चिकण आहे म्हणून तळं पाणी धरेल, हा अंदाज पायरीवर अर्धाच खरा. चिकणाखाली जुन्या पात्राची वाळू आणि गोटे असतात. खणताना बादलीत वाळू दिसली तेव्हा उशीर झालेला असतो. आधी तळ्याच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये गिरमिटानं थराची जाडी मोजा. तळाखाली अर्धा ते एक मीटर अखंड चिकण राहील इतकीच खोली ठेवा. वाळू लागलीच तर तेवढा भाग आणखी खणून काढा आणि चिकण परत भरा: 15 सेंमीच्या थरांनी, हातात लाडू वळेल इतक्या ओलीवर, प्रत्येक थर रोलरनं दाबून. भरल्यावर तळ उघडा वाळू देऊ नका, नाहीतर भेगा पडतात आणि पुढच्या पावसाचं पाणी त्यांतूनच गळतं.