आल्प्समधल्या हटमध्ये रात्र काढायचीय? आधी जुन्या चादरीला टाके घाला

सोलापुरात पारा चाळीसच्या पुढं गेला की दरवर्षी ग्रुपमधलं कुणीतरी विचारतंच, आल्प्सला ट्रेक करायचाय, तिथं डोंगरावरच्या हटमध्ये राहायचं कसं. तर पहिली गोष्ट, हॉटेल समजून जाऊ नका, धर्मशाळा समजून जा. सुरुवातही तशीच झालीय बघा, स्वित्झर्लंड-इटली सीमेजवळच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत २४६९ मीटरवर अकराव्या शतकात वाटसरूंसाठी मठ उभा राहिला, तो अजून चालू आहे. गिर्यारोहकांच्या हट लई नंतरच्या. स्विस अल्पाइन क्लब १८६३ ला निघाला आणि त्याच वर्षी त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या टोडी डोंगरावर ग्रुनहॉर्न नावाची आपली पहिली हट बांधली, खोपटंच म्हणा. तेव्हा सगळं सामान माणसाच्या पाठीवर वर जायचं, आता बऱ्याच ठिकाणी हेलिकॉप्टरनं जातं, पण पाण्याची टंचाई अजून तीच, अंघोळ विसरा. आपल्याला काही दिवसांआड नळाची सवय आहे, त्यामुळं हे काही जड जात नाही.

पाणी नाही म्हणजे पांघरुणं रोज धुता येत नाहीत, म्हणून स्वतःची पातळ झोपायची पिशवी न्यावीच लागते. सोलापुरी चादर घरीच ठेवा, जड होते, ब्लँकेट तिथं मिळतं. मी पहिल्यांदा पिशवी न नेता गेलो आणि भाड्यानं घ्यावी लागली, पैसे देताना जीवावर आलं. घरी आल्यावर आईनं साठ बाय नव्वद इंचांची जुनी सुती चादर उभी दुमडली, तळ आणि बाजू शिवून टाकली, वरनं दोन वीत उघडी ठेवली, झालं. त्यात शिरताना पोत्यात घुसल्यासारखं वाटतं, पण चालतं.

बुकिंग आधी करा, शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगा, आणि जाणं रद्द झालं तर कळवाच, नाहीतर वाटेत अडकलात का म्हणून ते काळजी करत बसतात. रोख पैसे ठेवा. बूट दारातच काढायचे, आत त्यांच्या चपला असतात. दहाला दिवे बंद, आणि शिखरावर जाणारे पहाटे तीन-चारलाच उठून खुडबुड करतात, म्हणून बॅग रात्रीच भरून ठेवा. इअरप्लग न्या, एका फळीवर ओळीनं दहाजण झोपलेत, त्यातला एक तरी घोरतोच. कडक भाकरी आणि शेंगा चटणी जरूर न्या, आठवडाभर काही होत नाही, पण ती वाटेत खा, हटच्या जेवणाच्या टेबलावर घरचा डबा उघडणं बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

आता मार्गेरिटा हट. इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या मोंटे रोझा डोंगरावर ४५५४ मीटरला, युरोपातली सगळ्यात उंच इमारत. १८९३ ला खुद्द इटलीची राणी मार्गेरिटा तिथं चढून गेली होती, आणि पुढं अँजेलो मोसो नावाच्या शास्त्रज्ञानं उंचीवर शरीराचं काय होतं त्याचे प्रयोग तिथंच केले. आत्ताची हट १९८० ची. आपण साडेचारशे मीटरवर राहणारी माणसं, थेट तिकडं पळू नका, खाली ३६४७ मीटरवर न्यिफेत्ती हट आहे तिथं रात्र काढून मग वर जा, आणि वाट बर्फाच्या भेगांतली असल्यानं गाइड आणि दोर पाहिजेच. डोकं फार दुखायला लागलं, उलटी झाली तर हट्ट सोडून खाली उतरा.

निघताना हटच्या वहीत नाव आणि पुढचा रस्ता लिहा. तुम्ही हरवलात तर शोधणारे आधी तीच वही बघतात, म्हणून तिथं मराठी प्रेम दाखवू नका, नाव इंग्रजी अक्षरांत लिहा, त्यांना वाचता आलं पाहिजे.