माडांची वही एक्सेलात

गोव्यात सावईवेऱ्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, कुठला माड ठेवावा, कुठला काढावा, हे मी आता नुसत्या नजरेने ठरवत नाही. तुम्हीही आधी प्रत्येक माडावर रंगाने क्रमांक घाला. एक्सेलमध्ये चार रकाने पुरेत: तारीख, माड क्रमांक, नारळ, शेरा. पाडेली (नारळ पाडणारा) माडावरून उतरला की तिथेच मोजून मोबाईलवर भरा; घरी जाऊन भरू म्हटलं की राहतंच. वर्षाअखेर पिव्होट टेबलने (नोंदी गटवार जुळवणारी एक्सेलची सोय) माडवार बेरीज घ्या. पण एकाच वर्षाच्या आकड्यावर कुऱ्हाड लावू नका! फुलोऱ्यापासून नारळ पिकायला साधारण १२ महिने लागतात, म्हणून यंदाची घट गेल्या उन्हाळ्यातल्या पाण्याच्या ताणाचीही असू शकते. आमचा १७ क्रमांकाचा माड शेऱ्यामुळेच वाचला. तिथे 'पाट तुंबलेला' अशी नोंद होती. पाट मोकळा केला, माड ठेवला.